शुक्रवारची काहील

१४ ऑक्टोबर

मेदेर,

लांडग्यांच्या विषाचा डबा तू शेवटचा कुठे ठेवला होतास, एवढंच कळव. हिरवा, पत्र्याचा, झाकणाला मेण लावलेला. बाकी काही लिहू नकोस. मीही लिहिणार नाही.

उत्तर अनीपाच्या फोनवरून पाठवलंस तरी चालेल. तुझ्या बायकोचा नंबर माझ्याकडे आहे, तुझा नाही.

नऊ वर्षांनी बहिणीचं पत्र आलं आणि त्यात विषाची चौकशी, असं तुला वाटेल. वाटू दे. डबा मिळत नाही. जुन्या शिकारतळाच्या तळघरात, बटाट्यांच्या ढिगामागच्या कोनाड्यात तो होता. परवा बटाटे काढायला उतरले तर कोनाडा रिकामा. धुळीत डब्याच्या बुडाएवढा गोल डाग राहिला आहे, आणि त्या डागात धूळ नाही. म्हणजे जाऊन फार दिवस झालेले नाहीत.

आता तू म्हणशील, कुठे होता ते ठाऊक आहे तर मला कशाला विचारतेस? जाण्यापूर्वी तू तो तिथून काढून कुठे पुरला असशील आणि कोनाड्यातला तो दुसराच कुठला डबा असेल, अशी मला आशा होती. लिहिता लिहिता ती आशा वेडगळ आहे हे कळतंय. तरी कळव.

दामिरा


१८ ऑक्टोबर

मेदेर,

उत्तर नाही. ठीक आहे. मिनीबसवाल्याने पत्र बिश्केकपर्यंत नेलं असेल. पुढे रशियात, उरालपर्यंत कोण कधी नेईल ते देवाला ठाऊक. मी वाट पाहत बसणाऱ्यांतली नाही, म्हणून लिहिते आहे.

तू गेल्यावर शिकारतळाचं संरक्षण केंद्र झालं आणि त्याची प्रमुख मी. हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल, सांगताना हसलंही असेल. वरची खिंड आम्ही हिमबिबट्यासाठी चराईला बंद केली. पहिली दोन वर्षं खोऱ्यातलं कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. वरच्या गावातल्या बाया मला बघून रस्ता बदलायच्या. शाळेत माझ्या बाकावर बसणारी सोनुन तर माझ्या देखत थुंकली होती. तेव्हा मी ठरवलं, सभा घ्यायच्या नाहीत. दर शुक्रवारी दुपारी केंद्राच्या अंगणात काहील चढवायची, येईल त्याने जेवायचं, आणि येताना काहीतरी एक आणायचं: कांदा, गाजर, लाकूड, पाणी, काहीही. पहिल्या शुक्रवारी आमचा गस्तीवाला तालाय जेवला आणि त्याचा कुत्रा जेवला. दुसऱ्या शुक्रवारी सोनुन भांडायला आली. अर्धा तास भांडली, मग काहिलीत डोकावून म्हणाली, "हे मटण आहे की चपलेचा तळ? सरक बाजूला." त्या दिवसापासून रांधते तीच.

आता तिन्ही गावांतून माणसं येतात, दीडशेच्या वर. वाद घालतात, लग्नं जमवतात, मेंढ्या कुठे नेणार ते सांगतात, शिकारीची वाघर कुठे लावली आहे तेही कधीकधी जेवणाच्या भरात सांगून टाकतात. तीन हिवाळ्यांत एकही हिमबिबट्या मारला गेलेला नाही. माझ्या अहवालांनी हे झालेलं नाही.

आणि आता याच अंगणात मला उभं राहवत नाही.

तळघराला कुलूप नाही. शुक्रवारी जो तो स्वतः खाली उतरून बटाटे काढून आणतो. तेच तर मला हवं होतं, की केंद्राचं तळघर आपलंच आहे असं लोकांना वाटावं. म्हणजे डबा दीडशे माणसांपैकी कुणीही नेलेला असू शकतो. काहील सकाळपासून उघड्यावर शिजते. जो येतो तो ढवळतो, मीठ बघतो. वसंतात तालायच्या घोड्याला कुणीतरी गोळी घातली, ती कुणी ते अजून कळलेलं नाही. म्हणजे अजूनही कुणाच्या तरी मनात आमच्याबद्दल राग आहे.

गेल्या शुक्रवारी मी दिवसभर काहिलीजवळून हलले नाही. मीठ मी घातलं, पाणी मी घातलं, पहिला वाडगा मी प्यायले आणि मनात शंभर आकडे मोजले.

सोनुन म्हणाली, "दामिरा, काहील काही पळून जात नाही. तिला पाय नाहीत, स्टँड आहे."

मी म्हटलं, "आज मीच बघते."

"बघ ना. चव मात्र सासूने केल्यासारखी येणार."

सगळे हसले. मीही हसले. मिठाची पिशवी मात्र हातातून सोडली नाही.

तालायला मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं की तो जिल्ह्याला कळवणार, ते त्याचं कामच आहे. जिल्हा शुक्रवार बंद करणार. आणि येत्या शुक्रवारी तर खिंड चराईला बंद ठेवण्याचा करार पुढे चालू ठेवायचा की नाही ते तिन्ही गावं हात वर करून ठरवणार आहेत. मेंढी खालच्या गावाकडून आहे, त्यांनी पहिल्यांदाच दिली आहे. ती नाकारू कशी? काय सांगून?

पहिल्या पत्रात मी म्हटलं की डबा कोनाड्यात होता. जणू तो आपोआप तिथे होता. तसं नाही. आधी तुला विचारायचं होतं, कबूल करायचं नव्हतं. पण ते आज नको.

दामिरा


२१ ऑक्टोबर

मेदेर,

काल मी काहील उपडी केली.

सगळं नीट सांगते, कारण खोऱ्यातून तुला याच्या दहा तऱ्हा कळतील.

सकाळी जेवणाचे दस्तरखान अंथरले. सोनुन मटणावर होती, मी सोनुनवर लक्ष ठेवून. दुपारी माणसं बसली. मानाच्या जागी कुबात आके, सगळ्या खोऱ्याचे वडीलधारे. तुझे कुबात आके, ज्यांच्याबरोबर तू पंधरा हिवाळे शिकारीसाठी कडे पालथे घातलेस. आता शहात्तर वर्षांचे आहेत. सप्टेंबरात त्यांच्या मेंढवाड्यात हिमबिबट्या शिरला आणि अकरा मेंढ्या मारून गेला. खाल्ली अर्धीच. मी पंचनामा करायला गेले होते तेव्हा ते नुसते मेलेल्या मेंढ्यांच्या पायांना दोऱ्या बांधत होते.

काल तालायने त्यांच्यापुढे नान धरला. त्यांनी हात लावला नाही. तालायला वाटलं दिसला नाही, त्याने पुन्हा धरला. त्यांनी मनगटाने बाजूला सारला.

तुला आठवत असेल, आई टपालवाल्याच्या घोड्याचा लगाम धरून ठेवायची; उभ्याउभ्या का होईना, एक तुकडा मोडून तोंडात घातल्याशिवाय त्याला दारातून हलू द्यायची नाही. माझ्या त्रेसष्ट वर्षांत पुढे आलेला नान सारणारा माणूस मी पाहिलेला नाही. दारुडासुद्धा मोडतो. तुरुंगातून सुटलेलासुद्धा मोडतो.

"पोट बरं नाही," कुबात आके म्हणाले. चहाच्या वाडग्यावरही त्यांनी तळहात ठेवला.

मग मागे वळून सुनेला हळूच म्हणाले. मी दोन हात अंतरावर उभी होते म्हणून ऐकू आलं. "पोरीला उचल. घरी चल. इथे खायचं नाही."

त्यापुढचं मला पूर्ण आठवत नाही. वाडगे भरायला सुरुवात झाली होती. खालच्या गावातल्या एका बाईने वाडगा तोंडाला लावायला उचललेला मला दिसला. मी ओरडले. मग सरपणातला एक दांडा घेतला, काहिलीच्या कडेखाली घातला आणि अंगाचं सगळं वजन त्याच्यावर टाकलं. काहील कलंडली. रस्सा, मटण, सगळं राखेत. वाफेचा लोट उठला.

अन्न सांडलं की आपल्यात लहान मूलसुद्धा गप्प होतं, तसे दीडशे लोक गप्प झाले. ज्या घरची मेंढी होती तिथला म्हातारा उठून उभा राहिला आणि उगीच टोपी नीट करू लागला.

कुत्री मात्र धावली. मी दांड्याने कुत्र्यांना मारत सुटले. तालायच्या कुत्र्याला तर इतक्या जोरात मारलं की तो लंगडला. आणि तिथेच सोनुनला समजलं. ती माझ्या शेजारी आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ओतलंस ते ओतलंस. पण कुत्र्यांना का हाकलतेस, दामिरा?"

मी पुन्हा दांडा उगारला.

"कुत्र्यांना का हाकलतेस? काय आहे त्यात?"

मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर, दांडा हातात धरून. तळघरात लांडग्यांचं विष होतं. ते गेलं आहे. आठ दिवसांपासून मला माहीत आहे. मला वाटलं ते काहिलीत आहे.

कुणीतरी बाई रडायला लागली. दोन-तीन पुरुषांनी पोरांच्या तोंडात बोटं घालून घास बाहेर काढायला सुरुवात केली. आणि मग ज्याच्या त्याच्या ध्यानात आलं की मी काय म्हणाले: तुमच्यापैकी कुणीतरी तुमच्याच पोरांना विष घालेल असं मला वाटलं. ते ध्यानात आल्यावर त्यांचे चेहरे जे बदलले ते मी विसरणार नाही.

कुबात आके बसूनच होते. त्यांनी सुनेला खाली बसायची खूण केली आणि म्हणाले, "काहिलीत काही नव्हतं."

मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"डबा मी नेला. म्हणून."

"मग नान का नाही मोडला?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी परकी आहे, दुसऱ्या मुलखातून आलेली. "तुझं ते ठिपक्यांचं मांजर मारायला निघालोय मी, दामिरा. काल खिंडीत विषाचे घास ठेवून आलो, तीन. तुझ्या घराचं वाईट करायचं आणि तुझं मीठही खायचं? माझ्या सुनेने खायचं, नातीने खायचं? मी मत द्यायला आलो होतो, जेवायला नाही." मग ते पुढे वाकले. "तुला वाटलं मी माणसं मारीन? मी? तुझी आई वारली तेव्हा तिची कबर मी खणली गं."

मेदेर, मी चाळीस वर्षं प्राण्यांच्या वागण्याच्या नोंदी ठेवल्या. आणि समोरच्या माणसाने नान का सारला हे मला कळलं नाही. इथल्या कुठल्याही अडाणी म्हातारीला कळलं असतं.

माणसं उठून गेली. कराराचं मत घ्यायचं राहिलं. संध्याकाळपासून बर्फ पडतो आहे.

तीन घास खिंडीत आहेत. खिंडीतला ओढा वरच्या गावाच्या पाटाला मिळतो. तिथली कुत्री रोज खिंडीत जातात, मिळेल ते तोंडात धरून अंगणात आणतात, आणि अंगणात पोरं असतात.

मला भीती वाटते. हे मी कुणाला म्हणत नाही, तुला लिहिते आहे.

दामिरा


२३ ऑक्टोबर, सकाळ

मेदेर,

हे पान तालायकडून फोटो काढवून घेऊन अनीपाच्या फोनवर पाठवते आहे. आधीच्या तिन्ही पत्रांच्या माझ्याकडच्या प्रतीही पाठवल्या आहेत. मागचा राग बाजूला ठेवून वाच आणि आजच उत्तर दे.

दोन घास मिळाले. तिसरा मिळत नाही. कुबात आके आमच्याबरोबर आहेत, स्वतःहून आले, डबाही आणून दिला. पण बर्फ गुडघाभर आहे, धुकं आहे, आणि त्यांची आठवण घसरते. कधी म्हणतात लाल कपारीखाली, कधी म्हणतात ओढ्याच्या वळणावर, कधी म्हणतात जिथे आपण बसायचो तिथे. "आपण" म्हणजे ते आणि तू. तिथे कुठे? दोन्ही जागा खणून झाल्या. काल तालायचा कुत्रा मेला. मी ज्याला लंगडा केला तोच. म्हणजे तिसरा घास, निदान त्याचा काही भाग, कुणीतरी हलवला आहे.

तू असतास तर कुठे ठेवला असतास?

पाट बंद केला आहे. वरच्या गावात कुत्री बांधली, पोरं घरात. पाणी खालच्या गावातून ट्रॅक्टरवर येतं. चाळीस-पंचेचाळीस माणसं रांग धरून खिंड खणताहेत. ती शुक्रवारी मला शिव्या देत उठून गेलेली माणसं आहेत. परत आली ती माझ्यासाठी नाही, पण आली. आणि एवढी माणसं बर्फात दिवसभर खणणार म्हणजे त्यांना जेवण लागणार, आणि खिंडीच्या तोंडाशी चूल एकच आहे.

काल सकाळी सोनुन आली. काहील घासून चढवली. मी चमचा उचलायला गेले तर म्हणाली, "तू नाही."

"का?"

"तुझ्या हातचं कुणी खाणार नाही. कांदे सोल."

"सोनुन, केंद्राची प्रमुख मी आहे."

"असशील. कांदे त्या पोत्यात आहेत, प्रमुख."

मी सोलले. खालच्या गावातल्या चार बाया माझ्या बाजूला येऊन बसल्या. तास-दीड तास नुसते कांदे सोलले. मग एकीने थोरल्या बहिणीला मारतात तशी हाक मारून विचारलं, "एजे, घास हातात धरला तर विष अंगात भिनतं का? माझा नवरा खणायला गेलाय." मी सांगितलं काय करायचं, हातमोजे कसे, काठी कशी. दुसरीने विचारलं, तिसरीने विचारलं. मला जे माहीत होतं ते सगळं मी सांगितलं. तीन वर्षांत मी या बायांना हिमबिबट्याबद्दल पुष्कळ सांगितलं. इतकं कान देऊन कुणी कधी ऐकलं नव्हतं.

पुरुष जेवायला खाली आले तेव्हा काहिलीपाशी थबकले. वाडगा हातात, पण कुणी तोंडाला लावेना. सोनुन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय झालं? मी शिजवलंय. मेलात तर माझ्या डोक्यावर. आणि मी तुम्हाला मारणार असते तर तीस वर्षांपूर्वीच मारलं असतं, माझ्या नवऱ्यापासून सुरुवात केली असती." तिचा नवरा पहिला प्यायला. मग सगळे. पण ते भीत भीतच जेवले, मेदेर. एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

आता जे त्या दिवशी लिहिलं नाही ते. डबा नष्ट केल्याच्या कागदावर माझी सही आहे. सतरा वर्षांपूर्वीची, मी तळावर प्राण्यांच्या नोंदी ठेवायचे तेव्हाची. सगळ्या तळांवरचं विष जाळायचा हुकूम आला, मी कागद भरला, सही केली आणि डबा कोनाड्यात ठेवला. का? लांडगे पुन्हा वाढले तर लागेल म्हणून. टाकायची सवय नाही म्हणून. शिकलेल्या बाईला हे शोभत नाही, ते मला कळतं. तो तिथे आहे हे तुला माहीत होतं, आणि तुझ्याकडून कुबात आकेंना.

आणि आणखी एक. कोनाडा रिकामा दिसला तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव तुझं आलं. तू दोन हजार किलोमीटरवर विटा रचतो आहेस, तरीही. पहिलं पत्र त्यासाठी होतं.

कुठे ठेवला असतास? एक ओळ पुरे.

दामिरा एजे


२७ ऑक्टोबर

मेदेर,

तू मला फोन केला नाहीस. कुबात आकेंना केलास. बरोबर केलंस.

तेव्हा आम्ही सगळे चुलीभोवती उभे होतो. म्हातारबांनी फोन कानाला लावला. मग त्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांना नीट ऐकू येत नाही, आणि नऊ वर्षांनी तुझा आवाज मी एवढ्या माणसांत ऐकला.

"आके, तुम्ही खालच्या वाटेने कधी गेलात? तुमचा उजवा गुडघा. कपारीखाली तुम्ही मला पाठवायचात आणि स्वतः वरच्या टप्प्यावर जाऊन बसायचात. तिथेच ठेवला असणार. सपाट दगड आहे, त्याच्या पलीकडच्या अंगाला."

"तिथेच," कुबात आके म्हणाले. "तिथेच की रे, पोरा." आणि फोन तसाच हातात धरून बर्फात खाली बसले.

तिथेच मिळाला. बराचसा. दोन कावळे आणि एक कोल्हा जवळ मरून पडले होते. कोल्ह्याने तुकडा तोडून ओढत नेला असणार, तोच आमच्या कुत्र्याला लागला. बर्फ चाळून सगळं गोळा केलं, जाळलं, राख जिल्ह्याच्या माणसांनी पेटीत घालून नेली. या वेळी मी सही केली नाही, नुसती उभी राहिले. पाट अजून आठवडाभर बंद आहे. टप्प्यावरच्या कॅमेऱ्यात बावीस तारखेला हिमबिबट्याचं शेपूट दिसतं, त्यानंतर काही नाही. जगला की मेला, मला माहीत नाही. रोज सकाळी तालाय चित्रं बघून येतो आणि मी त्याला विचारत नाही. त्याच्या चालण्यावरून कळतं.

जिल्ह्याला मी सगळं लेखी दिलं आहे: सही, डबा, आठ दिवसांचं मौन. प्रमुख म्हणून माझे फार दिवस नाहीत. कुबात आकेंचंही नाव त्यात द्यावं लागलं. मी आधी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की देते आहे. ते म्हणाले, "दे. खरं आहे ते." मग म्हणाले, "या वेळी आधी सांगायला आलीस." एवढंच. चहा ओतला. मी प्यायले.

आज शुक्रवार. कुणी येईल असं वाटलं नव्हतं, आणि मी सोनुनला तसं म्हणालेही. ती म्हणाली, "पाट बंद आहे, पाण्याचा ट्रॅक्टर तुझ्या अंगणात उभा राहतो. जातील कुठे?" आले. नव्वद असतील. ज्यांच्या मेंढीचं मटण मी राखेत ओतलं त्या घरचं कुणी आलं नाही. करारावर हात वर झाले नाहीत, पण खाली सुद्धा गेले नाहीत. पुढच्या महिन्यावर ढकललं. मी अजून कांद्यांवरच आहे. जेवताना एक म्हातारी मला म्हणाली, "आता तुझी भीती वाटत नाही, एजे. पूर्वी वाटायची. तू नेहमी असं बघायचीस की आम्ही काहीतरी चोरलंय."

तेव्हापासून एका गोष्टीने मला धरलं आहे.

नऊ वर्षांपूर्वी तुझ्या शेडमध्ये मला हिमबिबट्याचं कातडं दिसलं. मीठ लावून गुंडाळलेलं. मी शेडचं दार लावलं, घोड्यावर बसले आणि थेट अधिकाऱ्याकडे गेले. तू त्या दिवशी घरात होतास. चाळीस पावलांवर, चूल पेटवत होतास. धूर मला दिसत होता. मी आत आले नाही. खटल्यात तू एक शब्द बोलला नाहीस, त्याचा अर्थ मी कबुली असा घेतला. तू दोन वर्षं तुरुंगात काढलीस आणि निघून गेलास. जे झालं ते नियमाने झालं, असं मी आईच्या कबरीपाशीही म्हणाले आहे.

परवा घास जाळताना कुबात आके शेजारी उभे होते. आगीकडे बघत म्हणाले, "त्या कातड्याचंही तू कुणाला विचारलं नव्हतंस." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी काठीने एक निखारा आत ढकलला. तुझ्या शेडची किल्ली त्यांच्याकडेही असायची, हे मला तेव्हा माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं, मेदेर.

त्यांना मी विचारलेलं नाही. ते सांगतील, पण ते मला त्यांच्याकडून ऐकायचं नाही.

ते कातडं तुझं होतं का?

हो असेल तर तसं लिही. मी ते वाचेन आणि आपण जिथे आहोत तिथेच राहू. नाही असेल तर काय करायचं ते मला ठाऊक नाही. दोन वर्षं कुणी कुणाला परत देत नाही. हे पत्र लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले. काहिलीजवळ उभी असतानासुद्धा मी इतकी भ्याले नव्हते.

तरी लिही. फोन केलास तरी चालेल, आवाज ऐकून मी मध्ये बोलणार नाही.

तुझी एजे